कम्युनिटी कॉलेजात संगीत शिकायचंय? आधी पेटीचा डावा हात सोडवा

दुसऱ्या आठवड्यात वर्गात पियानोवर आठ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) एक सुरावट वाजली. ती चारदा ऐकून कागदावर उतरवायची होती. मी दुसऱ्या वेळीच पेन्सिल खाली ठेवली. शेजारचा गिटारवाला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. सातव्या आठवड्यात त्याच पियानोवर सहा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, वाजले, ते ओळखायचे होते. तेव्हा मुलाने सहाही लिहिले आणि माझा कागद जवळजवळ कोरा. मला सगळ्यात वरचा स्वर तेवढा स्पष्ट ऐकू येत होता, खाली काय चाललंय ते काही केल्या पकडता येईना.

मी गाण्यात विशारद आहे. म्हणजे कान बरा असायला हरकत नव्हती. पण माझा कान एका सुरावटीच्या मागे जायला शिकलेला, तोही तानपुऱ्याच्या न हलणाऱ्या षड्जावर उभा राहून. त्यात लहानपणापासून पेटी वाजवते, म्हणजे उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. डाव्या हाताच्या बोटांना कधी स्वरच लागला नाही. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात चार सेमिस्टर काढल्यावर माझं मत असं झालंय की आपल्याकडून गेलेल्या गायक-वादकाचा खरा अभ्यास हा डाव्या हाताचा, म्हणजे खालच्या स्वराचा असतो. बाकी बरंच आपण घेऊन आलेलो असतो. हा लेख या क्रमाने लिहिलाय. आधी कागदपत्रं, मग कान.

प्रवेश, फी आणि कोर्सचा क्रम

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि प्रवेशाला ऑडिशन किंवा टक्केवारी लागत नाही. ऑनलाइन अर्ज भरायचा, तो फुकट असतो. राज्याचे रहिवासी असाल तर एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा थिअरीचा कोर्स १३८ डॉलरला पडतो. वर आरोग्य आणि पार्किंगची किरकोळ फी. रहिवासी नसाल तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो, म्हणून अर्जातला रहिवासाचा भाग घाईत भरू नका. एच-४, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. नातवंडांना सांभाळायला बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांना मात्र नाव घालता येत नाही. व्हिसाची कागदपत्रं घेऊन प्रवेश कार्यालयात समोरासमोर जा. फोनवर दर वेळी वेगळं उत्तर मिळतं.

परीक्षा द्यायची नसेल, फक्त बसून ऐकायचं असेल, तर काही कॉलेजं ऑडिट करू देतात. कायद्याने त्याची फी युनिटला १५ डॉलरच्या वर नेता येत नाही. पण कान तयार करण्याचा कोर्स ऑडिट करू नका. परीक्षेची भीती नसेल तर घरी कोणी डिक्टेशन, म्हणजे ऐकलेलं कागदावर उतरवणं, लिहीत नाही, मी तर नक्कीच लिहिलं नसतं. गुणांची धास्ती वाटत असेल तर पास / नो पास हा पर्याय घ्या. फक्त पुढे विद्यापीठात संगीत हाच मुख्य विषय घेऊन जायचं असेल, तर त्या कोर्सांना अक्षरी ग्रेडच ठेवा.

कोर्सांची साखळी साधारण अशी असते. आधी फंडामेंटल्स, म्हणजे संगीत लिहिण्या-वाचण्याची मुळाक्षरं, मग थिअरी एक ते चार. प्रत्येक थिअरीच्या जोडीला त्याच क्रमांकाचा म्युझिशियनशिप किंवा इअर ट्रेनिंगचा कोर्स. शिवाय क्लास पियानो. विशारद झालेल्या माणसाला फंडामेंटल्स टाळावंसं वाटतं. टाळू नका, निदान कॉलेजची चाचणी देऊन बघा. आपल्याला स्वर माहीत असतात, पण पाच रेघांवर ते वाचायची सवय नसते, आणि बास क्लेफ, म्हणजे खालच्या स्वरांसाठी रेघांवर काढायची खूण, तर बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो.

इथे एक सापळा आहे. लहान कॉलेजात थिअरी दोन फक्त स्प्रिंगला आणि तीन फक्त फॉलला असते. एक सेमिस्टर चुकलं की वर्ष गेलं. त्यामुळे पहिल्याच दिवशी काउन्सेलरबरोबर बसून चारही सेमिस्टरचा कागद लिहून घ्या. पास झालेला कोर्स 'आणखी एकदा पक्का करू' म्हणून पुन्हा घेता येत नाही, हेही आधी माहीत असलेलं बरं.

संगीताच्या इतिहासाचं थोडं वेगळं आहे. म्युझिक ॲप्रिसिएशन सगळीकडे मिळतं आणि पदवीच्या कलाविषयाच्या अटीत बसतं. संगीताच्या विद्यार्थ्यांसाठीचा सखोल इतिहास पुष्कळदा विद्यापीठात तिसऱ्या-चौथ्या वर्षी असतो. तुमच्या कॉलेजात इतिहासाचा स्वतंत्र कोर्स असेल, तर तो कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदली चालतो हे 'असिस्ट' या राज्याच्या संकेतस्थळावर पाहूनच घ्या.

वेळेचं गणित सरळ आहे. एका युनिटला आठवड्याला वर्गासकट तीन तास. थिअरी तीन युनिट आणि इअर ट्रेनिंग एक, म्हणजे बारा तास. नोकरी करून पहिल्या सेमिस्टरला एवढं पुरे. पियानो जमलाच तर घ्या.

सा कुठे आहे?

पाश्चात्त्य सरगम डो-रे-मी अशी असते, तिला सोल्फेज म्हणतात. वर्गात पहिला प्रश्न तुमच्या प्राध्यापकांना हा विचारा: डो हलता की स्थिर? हलता असेल तर डो म्हणजे त्या त्या स्केलचा पहिला स्वर, म्हणजे थेट आपला सा. स्थिर असेल तर डो म्हणजे कायम सी, आपल्या भाषेत पांढरी एक. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हलता डो असतो, तेव्हा आपली चैन. पोर्तुगालमध्ये डो स्थिर असतो. गोव्यातल्या पॅरिश शाळांमधून सोल्फेज शिकून तयार झालेल्या वादकांनी, सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद लिहून दिला. स्वर कागदावर वाचण्याची विद्या मराठी मुलखाच्या शेजारीच नांदत होती, आपण गाणारे तिच्या वाटेला गेलो नाही इतकंच.

हलत्या डोमध्ये कोमल स्वरांची नावं बदलतात. कोमल रे म्हणजे रा, कोमल ग म्हणजे मे, कोमल ध म्हणजे ले, कोमल नि म्हणजे टे, आणि तीव्र म म्हणजे फी. पहिले दोन आठवडे तोंडात सरगम येईल. येऊ द्या, पण परीक्षेपूर्वी जीभ वळवा.

दुसरा प्रश्न मायनरचा. काही वर्गांत मायनर स्केल डोपासून गातात. मग नॅचरल मायनर म्हणजे ग, ध, नि कोमल, आपला आसावरी थाट, आणि काम झालं. काही वर्गांत तेच लापासून सुरू करतात. तिथे गोंधळ उडतो, कारण धैवताला सा मानून चालायचं पण नाव मात्र धैवताचंच घ्यायचं. मूर्च्छना ठाऊक असेल तर हे पाच मिनिटांत उलगडतं.

मोड, म्हणजे त्यांच्याकडचे थाट, शिकवायला लागले की वही उघडून एका पानावर हे लिहून ठेवा. आयोनियन बिलावल, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा असे जुळतात. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी यांना तिकडे जोडीदार नाही, आणि त्यांच्या लोक्रियनला आपल्याकडे. वर्गात 'फ्रिजियन म्हणजे भैरवी' असं उत्साहाने सांगू नका. थाट जुळतो, राग जुळत नाही, आणि हा फरक समजावताना अर्धा तास जातो. माझा गेला.

स्केलच्या सह्या, म्हणजे कुठल्या स्केलमध्ये किती शार्प (चढवलेले स्वर) आणि किती फ्लॅट (उतरवलेले), हे पाठच करावं लागतं. आपल्याकडची पट्टीची भाषा इथे उपयोगी पडते. मी काळी चारमध्ये गाते. काळी चार म्हणजे ए फ्लॅट, आणि ए फ्लॅट मेजरला (मेजर म्हणजे सगळे स्वर शुद्ध) फ्लॅटही चारच. हा योगायोग आहे, पण तेवढी एक सही मला कधीच पाठ करावी लागली नाही.

तानपुरा बंद करा

घरी सराव करताना तानपुऱ्याचं ॲप लावू नका. शिकलेल्या गायकाला हे अवघड जाईल, पण कारण मापाचं आहे. खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पियानोचा ई मात्र सीपासून ४०० सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक तयार कानाला बोचतो. सर म्हणतात 'मी, म्हणजे गांधार, थोडा खाली लागतोय', आणि आपल्याला वाटतं आपण तर बरोबर लावलाय. दोघंही खरं बोलत असतात. पेटीचे स्वर खोटे म्हणून आपल्याकडे मोठा वाद झाला होता, १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीही घातली होती. या वर्गापुरतं मात्र पियानोचं माप खरं धरा. सराव कीबोर्डबरोबर करा, गुरूंकडे गेलात की तानपुरा आहेच.

तानपुरा बंद करण्याचं याहून मोठं कारण स्केल बदलण्यात आहे. सी मेजरमध्ये गाणं चाललंय आणि मधेच एफ शार्प आला, की आपला कान लगेच 'यमन' म्हणतो: सा तोच, म तीव्र झाला. वर्गात मात्र त्या क्षणी विचारायचा प्रश्न असा, की हा नव्या घराचा नि तर नाही? जी मेजरमध्ये एफ शार्प हा निषाद असतो. संगीत पंचमावर जाऊन तिथेच विसावलं, तर सा हलला. मग त्या जागेपासून पुढची सगळी नावं बदलायची. कानात तानपुरा वाजत राहिला तर सा हलल्याचं कळतच नाही. तो स्वर येऊन संगीत पुन्हा सीवरच परतलं, तर सा हलला नव्हता, फक्त पंचमाला जरा मान दिला होता. थिअरी दोनमध्ये याला सेकंडरी डॉमिनंट म्हणतात.

डिक्टेशन

सुरावटीचं डिक्टेशन आपल्याला सोपं असतं, त्याचा माज मात्र लयीत उतरतो. स्वर कळले म्हणून घाईने टिंबं काढत गेलात तर बारच्या रेषा चुकतात. पहिल्यांदा ऐकताना स्वर लिहूच नका. बोटाने ताल धरा आणि प्रत्येक मात्रेवर एक उभी बारीक रेघ मारा. दुसऱ्यांदा पहिला आणि शेवटचा स्वर लिहा, आणि मधल्या ठळक मात्रांवरचे स्वर. तिसऱ्यांदा उरलेलं भरा. चौथी वेळ तपासायला.

लयीसाठी अमेरिकेतल्या पुष्कळ वर्गांत 'टाकाडिमी' नावाची पद्धत वापरतात. १९९६ मध्ये तीन अमेरिकन शिक्षकांनी ती मांडली आणि अक्षरं घेतली दक्षिण भारतीय तालपरंपरेतून. ऐकून गंमत वाटते, पण सावध राहा. तबल्याच्या बोलात अक्षर आघात सांगतं. इथे अक्षर मात्रेतली जागा सांगतं. मात्रेच्या सुरुवातीला कायम 'टा', मधोमध 'डी', चार भाग झाले तर टा-का-डि-मि, तीन भाग झाले तर टा-कि-डा. मात्रेवर काहीच वाजलं नाही आणि मधोमध वाजलं, तर उच्चारायचं फक्त 'डी'. एकदा हे पक्कं झालं की सिंकोपेशन, म्हणजे मात्रा सोडून पडणारे आघात, लिहिणं पाण्यासारखं होतं. सहा-आठच्या तालाला दादरा समजून सहा मोजू नका, दोनच मोजा. प्रत्येकात टा-कि-डा.

आता कॉर्डचं डिक्टेशन, जिथे मी कोरा कागद दिला होता. मला यातून बाहेर काढलं ते एका साध्या सवयीने. वाजलेला कॉर्ड ऐकून सगळ्यात खालचा स्वर गुणगुणायचा. गळ्याच्या पट्टीत नसेल तर वरच्या सप्तकात. पहिले पंधरा दिवस प्रत्येक वेळी मी वरचाच स्वर गुणगुणत होते, कारण सगळं आयुष्य गाणाऱ्याचा स्वर ऐकण्यात गेलेलं. मग घरी कीबोर्डवर डाव्या हाताने फक्त सा, म, प वाजवायचे आणि उजव्या हाताने वर काहीही, हा खेळ रोज दहा मिनिटं. हळूहळू खालचा आवाज वेगळा होऊ लागला.

खालची ओळ हाती आली की अर्धा कॉर्ड ओळखलाच. बास सा असेल तर बहुधा पहिला कॉर्ड, ग असेल तर तोच पहिला कॉर्ड उलटलेला, म्हणजे सा सोडून दुसरा स्वर तळाला आलेला. बास म असेल तर दोन मुख्य शक्यता: म-ध-सा हा चौथा, किंवा रे-म-ध हा दुसरा, उलटलेला. दोहोंत म आणि ध समान, भांडण फक्त सा की रे एवढंच. मनात सा धरून ठेवा. तो कॉर्डात विरघळला तर चौथा, घासला गेला तर दुसरा. बास नि असेल तर तो बहुतेक पाचव्याचा उलटा असतो आणि पुढे सा येणारच.

केडन्स, म्हणजे वाक्य संपवायच्या जागा, आधी ओळखायला शिका. पाच-एक, म्हणजे पाचव्या कॉर्डनंतर पहिला, हा पूर्णविराम. पाचवर थांबलं तर स्वल्पविराम. चार-एक म्हणजे चर्चमधल्या आमेनचा शेवट. आणि चौथा प्रकार मला फार आवडतो. बासमध्ये प वाजतो, आता सा येणार म्हणून आपण समेची वाट पाहतो आणि येतो ध. मराठी कान याला बरोबर दाद देतो.

थिअरीचा गृहपाठ

चार आवाजांत लिहिताना समांतर पंचम आणि समांतर सप्तक निषिद्ध. आपल्याला हा नियम अन्यायच वाटतो, कारण सा-प इतकं शुद्ध दुसरं काय? पण शुद्ध असतं म्हणूनच तर अडचण होते. दोन आवाज पंचमाचं अंतर राखून बरोबर चालले की इतके मिसळतात की दोनांचा एक ऐकू येतो. चौघं गातायत आणि तिघंच वाटतायत, असं होऊ द्यायचं नाही म्हणून हा नियम. कारण कळलं की चुका कमी होतात.

लिहिण्याचा क्रम बासपासून ठेवा. आधी बास, मग वरची ओळ, मग मधले दोन आवाज कमीत कमी हलवत भरायचे. जो स्वर दोन्ही कॉर्डांत आहे तो त्याच आवाजात राहू द्या. नि वर चढवून सावर न्या. बास आणि वरची ओळ शक्य तिथे उलट दिशेने चालवा. सगळं लिहून झालं की प्रत्येक ओळ एकेकटी गाऊन बघा. जी ओळ गाता येत नाही तिथे हमखास चूक सापडते. कच्चा खर्डा पेन्सिलीनेच लिहा. म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर छान आहे, पण ते लगेच वाजवून दाखवतं आणि मग कान आळशी होतो.

इतिहास: सुई कुठेही पडेल

इतिहासाच्या परीक्षेत ध्वनिमुद्रणाचा कुठलाही अर्धा-एक मिनिटाचा तुकडा वाजतो आणि रचनाकार, रचना, प्रकार, काळ लिहायचा असतो. वर ओळखीचं कारणही. ग्रामोफोनच्या दिवसांतलं याचं नाव अजून टिकून आहे: ड्रॉप द नीडल. यादीतल्या रचना नुसत्या पार्श्वभूमीला लावून ठेवल्या तर सुरुवात तेवढी लक्षात राहते. फोनवर मधूनच कुठूनतरी सुरू करत चला.

सनावळीपेक्षा कानाला खुणा द्या. एकच ओळ, ठेका नाही, लॅटिन शब्द: ग्रेगोरियन चँट. सगळे आवाज एकमेकांचा पाठलाग करतायत, वाद्यं नाहीत: बहुधा रेनेसाँस. हार्प्सिकॉर्डची किणकिण आणि न थांबणारा बास: बारोक, म्हणजे ढोबळ १६०० ते १७५०. बाख १७५० मध्येच गेला, त्यामुळे शेवटचं साल आपोआप पाठ होतं. डाव्या हातात मोडलेल्या कॉर्डांची सा-प-ग-प अशी झुळझुळ: क्लासिकल, हायडन-मोझार्टचा काळ. सिंफनीत ट्रोम्बोनची गर्जना आली तर १८०८ च्या बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या अलीकडचा विचार करा. त्याने ते शेवटच्या भागात आणल्यावर ही वाट मोठी झाली. ताल मिनिटाला कोलमडतोय आणि तरी जोरकस: १९१३ मध्ये पॅरिसला गदारोळ उडवणाऱ्या स्ट्राविन्स्कीच्या जवळपास कुठेतरी.

ऑपेराच्या आठवड्यात आपल्याला आपोआप संगीत नाटक आठवतं. १६०७ चा मोंतेवेर्दीचा ऑपेरा आणि १८८० चं किर्लोस्करांचं शाकुंतल यांची तुलना निबंधाला मोहक विषय आहे. करा, पण भेद नीट मांडा. आपल्याकडे मधे गद्य संवाद येतात. त्यांच्याकडे संवादही गायचे, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात, आणि पद म्हणजे आरिया. निबंधासाठी स्वरलिपी हवी तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर कॉपीराइट संपलेल्या रचना फुकट मिळतात. ऐकताना ती समोर ठेवा आणि बोट बासच्या ओळीवर फिरवा. इतिहासाचा अभ्यास करता करता कानाचाही होतो.

इअर ट्रेनिंगसाठी रविवारचे दोन तास राखून ठेवू नका, त्याने काही होत नाही. सकाळी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं. प्रॅक्टिस रूम विद्यार्थ्यांना बहुधा फुकट असतात, वर्गाआधी अर्धा तास गाठा. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेत, जा. पन्नाशीतल्या विद्यार्थिनीला जायला लाज वाटते, पण तिथे बहुतेक वेळा कोणी येतच नाही, आणि अर्धा तास पियानोवर कॉर्ड वाजवून घेता येतात.

जमलं तर कॉलेजच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, नाव घाला. ऑडिशन असली तरी साधी असते. सोप्रानोत जाऊ नका. तिथे वरची सुरावट मिळते, ती आपल्याला येतेच. अल्टो मागा, म्हणजे मधली ओळ गावी लागेल. आणि उभं राहायला अल्टोंची मागची रांग धरा. पाठीशी बास आवाजाचे गायक उभे असतात, त्यांचा खर्ज पाठीच्या कण्यातून येतो.